उसना मामा, खरा मामा

झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' ही कादंबरी २००३ साली आली. मी ती दोनदा वाचली. एकदा कॉलेजात असताना आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन न्यू जर्सीहून वाईला जाऊन आल्यावर. पहिल्या वेळी जे दुसरं प्रकरण मी भराभर संपवून पुढे गेले होते, त्याच्या शेवटाशी या वेळी अडकले. आणि कादंबरीबद्दलची एक तक्रार मनात घर करून बसली. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. १९६८ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आशिमा आणि अशोक गांगुली यांना मुलगा होतो. नाव ठेवायचा मान आशिमाच्या आजीचा. तिचं पत्र कलकत्त्याहून निघतं, पण पोचत नाही. इकडे जन्मदाखल्यावर नाव लिहिल्याशिवाय इस्पितळ घरी सोडायला तयार नाही. म्हणून तात्पुरतं, घरात हाक मारायचं 'गोगोल' हे नाव लिहिलं जातं. पुढे कलकत्त्याला जायचं ठरतं, पासपोर्ट काढायची वेळ येते, आणि त्यावरही तेच नाव चढतं. बाळाला आपल्या माणसांकडे नेणारा कागद आपल्या माणसांनी न ठेवलेल्या नावाने निघतो. लाहिरी यावर भाष्य करत नाहीत, नुसतं सांगून पुढे जातात. हा त्यांचा संयम मला पहिल्यापासून आवडतो.

हे प्रकरण तपशिलांनी भरलेलं आहे. गोगोलचं अन्नप्राशन सविस्तर येतं. त्याच्यासमोर परसातली माती, पेन आणि डॉलरची नोट ठेवतात आणि तो रडू लागतो. भात भरवायला मामा हवा, पण सख्खा मामा राणा कलकत्त्यात. मग मित्रमंडळींतला एक जण मामा होतो. प्रवासाआधीची खरेदीही येते. सगळ्यांसाठी घेतलेल्या भेटवस्तूंच्या पिशव्या आशिमा ट्रेनमध्ये विसरते. दुसऱ्या दिवशी त्या जशाच्या तशा परत मिळतात आणि हे परकं गाव तिला पहिल्यांदा थोडं आपलं वाटतं. मग रात्री फोन येतो. आशिमाचे वडील गेले. ठरल्या तारखेच्या आधीच निघावं लागतं. विमान वर चढतं, बाळाचे कान दुखतात, ते किंचाळतं. प्रकरण संपतं.

पुढचं प्रकरण उघडतं ते १९७१ मध्ये. गांगुली कुटुंब अमेरिकेतच आहे, दुसऱ्या गावी राहायला गेलं आहे. म्हणजे कलकत्त्याला उतरणं, दारातून आत जाणं, बाळ कोणाच्या तरी हातात देणं, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. उसन्या मामाला प्रसंग मिळतो. खऱ्या मामाची आणि भाच्याची पहिली भेट पानांवर येतच नाही.

याचं समर्थन करता येईल. ही कादंबरी गोगोलची आहे, आणि जे त्याला आठवणार नाही ते ती कशाला सांगेल? पण त्याचा जन्म आणि अन्नप्राशनही त्याला आठवणार नाही, ते तर सांगितलंच आहे. दुसरं समर्थन जास्त वजनदार आहे. ज्यांना बाळ दाखवायचं होतं तेच राहिले नाहीत. अशा घरात लेखिका वाचकाला नेत नाही, दाराबाहेर थांबवते. शोकाची ही अदब मला कळते. तरीही माझं समाधान होत नाही, आणि त्याचं कारण वाईला आहे.

आमच्या मुलीच्या उष्टावणालाही मामा उसनाच होता. नवऱ्याच्या ऑफिसातला नागपूरचा मित्र. पुढे तो दर शनिवारी यायचा, ती त्याच्या खांद्यावर झोपायची. वाईला माझा भाऊ गाडीतून उतरण्याआधीच हात पसरून उभा होता. त्याने तिला घेतलं आणि ती निळी पडेपर्यंत रडली. त्याने हसून तिला माझ्याकडे दिलं आणि बॅगा उचलायला वळला. बॅगा उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. त्या वयाची मुलं अनोळखी माणसाला बिचकतात, हे त्यालाही माहीत होतं. पण रक्ताचा मामा अनोळखी आणि उसना मामा ओळखीचा, हे त्या क्षणी आमच्या अंगणात सगळ्यांना दिसलं. लाहिरींची अख्खी कादंबरी याच अदलाबदलीबद्दल आहे. ती सगळ्यात उघडी दिसली असती तो प्रसंग त्यांनी गाळला.

त्याचा परिणाम पुढे जाणवतो. गोगोल शाळेत असताना कुटुंब आठ महिने कलकत्त्यात राहतं. तो भाग सूक्ष्म आहे. तिथे पोचताच मोकळे झालेले आई-वडील मुलाला कसे वेगळे दिसतात, हे फार चांगलं उतरलं आहे. पण नातेवाईक येतात ते कंटाळलेल्या मुलाच्या नजरेतून, एक घोळका म्हणून. त्यांतल्या कोणी कधी या मुलाला मांडीवर घेऊन टाळू चाचपली होती, हे आपण पाहिलेलंच नसतं. म्हणून त्यांचं प्रेम आपल्यालाही त्याच्यासारखंच जाचक वाटतं.

मुलीच्या पासपोर्टच्या फोटोत दुसऱ्या कोणाचा हातही दिसून चालत नव्हता. पांढऱ्या चादरीवर ती एकटी. वाईच्या फोटोंत ती एकटी कुठेच नाही, हात कोणाचे ते ओळखत बसावं लागतं. एका फोटोतले हात माझ्या आजीचे आहेत. आजीला आता फारसं काही लक्षात राहत नाही. दर थोड्या वेळाने ती विचारायची, "कोणाची गं ही?" मी म्हणायची, "माझी." "अगं बाई!" म्हणून ती दर वेळी नव्याने हरखायची आणि तिची पावलं हातात धरायची. आजीपाशी मुलगी रडली नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

ती दुपार दोघींपैकी एकीलाही आठवणार नाही. अशा भेटीला तिसरा साक्षीदार लागतो, आणि ते काम कादंबरी करू शकते. 'द नेमसेक' मला आजही आवडते, पण त्या दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेशी आता मी थांबते. राणाने भाच्याला कसं घेतलं असेल, आणि तो रडला तेव्हा त्याने काय केलं असेल, हे मला अजून वाचायचं आहे.