टक्केवारीच्या आड राहिलेले सांडपाणी

अन्नप्रक्रिया उद्योगांतील सांडपाण्यावरील जैविक प्रक्रियेसंबंधी महाविद्यालयीन व विद्यापीठीय पातळीवर जे संशोधनपर लेखन होते, त्याचा शेवट बहुधा एका आकड्यावर होतो : सेंद्रिय प्रदूषण नव्वद टक्क्यांनी घटले. हा आकडा खोटा नसतो. परंतु प्रक्रियेचे यश त्यावरून ठरविणे कितपत ग्राह्य मानावे, याची चिकित्सा क्वचितच केली जाते. महाराष्ट्रातील साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या आसवन्या यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

मळीपासून मद्यार्क काढून घेतल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशची जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, लिटरला साधारणपणे 40 ते 50 हजार मिलिग्रॅम असते. बंद टाकीत हवेविना जगणाऱ्या जीवाणूंकडून मिथेननिर्मिती करवून घेतली असता ती 85 ते 90 टक्क्यांनी उतरते. इंधन मिळते, हा लाभही मोठाच. मात्र 45,000 मधून 90 टक्के वजा केले तरी 4,500 शिल्लक राहतात. आसवन्यांच्या सांडपाण्यासाठी नियमांनी घातलेली मर्यादा पृष्ठजलात सोडताना 30 व जमिनीवर सोडताना 100 अशी होती. आता तर मळीवर चालणाऱ्या आसवन्यांनी काहीच बाहेर सोडू नये, अशी अपेक्षा आहे. शिल्लक सांगितल्याखेरीज टक्केवारी सांगणे म्हणजे कर्जफेडीचा हिशेब मुद्दल न सांगता मांडणे होय.

याहून मूलभूत आक्षेप बीओडीच्या मोजमापाविषयी आहे. आपल्याकडे ही चाचणी 27 अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस चालते आणि तीत जीवाणू जेवढे पचवू शकतात तेवढेच मोजले जाते. जे त्यांना पचत नाही, ते चाचणीच्या नजरेत येतच नाही. जीवाणूच परीक्षार्थी आणि जीवाणूच परीक्षक! स्पेंट वॉशचा गडद तपकिरी रंग ज्या मेलॅनॉइडिनांमुळे असतो, ती जीवाणूंना सहजी दाद देत नाहीत. म्हणूनच त्याच टाकीत रासायनिक प्राणवायू मागणी मात्र 60 ते 70 टक्क्यांनीच घटते आणि रंग जवळजवळ तसाच राहतो. विहिरीचे पाणी तांबूस झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास बीओडीचा तक्ता दाखवून समाधान होणार नाही.

खुद्द साखर कारखान्याचे सांडपाणी त्यामानाने सौम्य. तेथील अडचण वेगळी आहे, आणि प्रबंधांत ती जवळजवळ अनुल्लेखित राहते : गाळप काही महिनेच चालते. हंगाम संपला की वायुवीजन टाकीतील जीवाणूंचे अन्न तुटते. पुढील हंगामात शेण घालून सारे पुन्हा उभे करावे लागते. या पाण्यात साखर विपुल, पण नत्र व स्फुरद तुटपुंजे. म्हणून युरिया व डीएपी द्यावे लागते. जीवसमूह स्थिरावेपर्यंतच्या आठवड्यांत टाकीतून बाहेर पडणारे पाणी कसे असते? प्रयोगशाळेत साखरेचे द्रावण एकाच वेगाने सोडून मिळविलेल्या निष्कर्षांतून याचे उत्तर मिळणे शक्य नाही.

वस्तुतः हंगामी उद्योगाचा विचार या शास्त्रात नवा नाही. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे लेटिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात खालून वर पाणी चढविणारी गाळथराची विनावायू पद्धती विकसित केली, ती बीट-साखरेच्या सांडपाण्यावर, म्हणजे अशाच हंगामी उद्योगावर. या पद्धतीतील दाणेदार गाळ कित्येक महिने उपाशी राहूनही पुन्हा कामास लागतो, हे तिचे खरे सामर्थ्य. आपल्याकडील लेखनाने या पद्धतीची टक्केवारी तेवढी उचलली, सामर्थ्य मात्र दुर्लक्षिले. यापुढे अशा प्रबंधाचे परीक्षण करताना गाळप सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या तीस दिवसांच्या नोंदी, त्याही विसर्गाच्या प्रत्यक्ष आकड्यांत, मागावयास हव्यात.