बुद्धीचं माप कुणाच्या हातात?

परंड्याकडचं एखादं पोर आईबापामागं ऊसतोडीच्या फडावर जातं. चार-पाच महिन्यांनी वर्गात परततं, पाढे विसरलेलं असतं. शेरा पडतो : मठ्ठ. हाच शेरा मानसशास्त्र आकड्यात लिहितं तेव्हा त्याला बुद्ध्यंक म्हणतात. आकडा आला की आपले शिकलेले लोकही गप्प बसतात. म्हणून या आकड्याची झडती घेतली पाहिजे.

१९०५ साली पॅरिसात बिने आणि सिमोन यांनी पहिली चाचणी केली, ती मागं पडणारी पोरं हुडकून त्यांना नीट शिकवायला. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे बिनेला मान्य नव्हतं. अमेरिकेत मात्र या आधाराच्या काठीचा दंडुका झाला. १९१६ साली टर्मननं तिची सुधारित आवृत्ती काढली आणि काळ्यांचं, मेक्सिकनांचं मांद्य वंशातलंच दिसतं, असं लिहून टाकलं. म्हणजे मनूच, फक्त हातात आकडे.

बुद्धी म्हणजे काय, यावर पंडितांचं एकमत नाही. स्पिअरमन (१९०४) सगळ्यामागं एकच सामान्य घटक सांगतो. गार्डनर (१९८३) सात बुद्धी मोजतो. बोरिंग तर १९२३ सालीच म्हणाला, चाचणी मोजते तीच बुद्धी! धान्य कशाला म्हणायचं, हे तराजूनंच ठरवावं, तसला हा प्रकार.

मराठी आणि कानडी मुलांसाठी ही चाचणी धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी बेतली, १९४० साली त्यांचं पुस्तक आलं. कामतांचे कष्ट खरे. पण अशा चाचण्यांत शब्दांचे अर्थ विचारतात. कुणाचे शब्द? तिफण, चाडं, मोळी जाणणाऱ्या पोराला त्याचे गुण कोण देणार?

आता खरा पुरावा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. ते संशोधन २००६ साली छापून आलं. जात पुकारली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण पोरं बरोबरीनं उतरली. सगळ्यांसमोर जात पुकारली, की दलित पोरांचे गुण घसरले. डोकं तेच, कोडं तेच. मग मोजलं काय? पुकारणाऱ्याचा आवाजच ना!

तेव्हा ‘आमचाही बुद्ध्यंक मोठा’ म्हणत त्याच तराजूत बसू नका, आणि चाचणी जाळूही नका. आकड्याशेजारी पोराची हजेरी, घरची भाषा आणि परीक्षकाची नजर लिहायला लावा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, ते आपल्या पोरांचा बुद्ध्यंक विचारून नव्हे.