एका मिसळीचे पाठभेद

ग्रंथपरीक्षण लिहिणाऱ्याला एक मोठे सुख असते. ज्या ग्रंथावर तो लिहितो तोच ग्रंथ त्याच्या वाचकाच्याही हाती पडतो. बेचाळिसाव्या पृष्ठावरील जे वाक्य मला सपक वाटले ते वाचकालाही बेचाळिसाव्या पृष्ठावरच सापडेल. त्याला ते सपक न वाटल्यास त्याने मला खुशाल अरसिक म्हणावे, पण आम्ही दोघे एकाच वाक्याविषयी भांडत आहोत एवढे तरी निश्चित. उपाहारगृहातील पदार्थांविषयी लिहिणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही. ज्या बशीविषयी मी लिहिणार ती मी आधीच रिकामी केलेली असते. वाचकापुढे येणारी बशी दुसरी, दिवस दुसरा, आणि पुष्कळदा आचारीही दुसरा. हल्ली उपाहारगृहांविषयी उदंड अभिप्राय लिहिले जातात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चार तारे उमटविले की कोणीही परीक्षक होतो. या अभिप्रायांत वरील अडचणीची साधी जाणीवही क्वचितच आढळते. तिचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख. आणि उदाहरणासाठी एकच पदार्थ व एकच स्थळ घेतो.

स्थळ पुण्याच्या एका पेठेतील. त्याचे नाव देत नाही, कारण पुढे जे बरेवाईट लिहावयाचे आहे ते केवळ चार जिभांच्या साक्षीवर लिहावयाचे आहे, आणि तेवढ्या साक्षीवर कोणाच्या गल्ल्याला धक्का लावणे मला प्रशस्त वाटत नाही. आम्ही चौघे मित्र गेली अकरा वर्षे दर शनिवारी सकाळी तेथे मिसळ खाण्यास जमतो. एक गणिताचे प्राध्यापक, एक वकील, एक संस्कृतचे निवृत्त अध्यापक, ज्यांस आम्ही शास्त्रीबुवा म्हणतो, आणि चौथा मी. तेथे आम्ही काही ठरवून बोलत नाही. कोणी नातवंडांचे सांगतो, कोणी महापालिकेचे. वकीलसाहेब पक्षकारांची नावे वगळून त्यांच्या मूर्खपणाच्या गोष्टी सांगतात. अशा सहज बैठकीत पदार्थाकडे कोणाचे लक्ष असते, असे वाचक विचारतील. तोच तर प्रश्न आहे.

पुण्याच्या जुन्या वळणाची मिसळ कोल्हापूरच्या मिसळीसारखी अंगावर येत नाही. तळाशी पोहे व चिवडा, त्यावर बटाट्याची भाजी, वर शेव, मग रस्सा, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत पावाच्या स्लाइस आणि मागाहून मागावयाचा जादा रस्सा, ज्यास येथे ‘सँपल’ म्हणतात. या स्थळाची मिसळ चांगल्या दिवशी खरोखर चांगली असते. आल्याची चाहूल आधी लागते, तिखट मागून येते, आणि गोड्या मसाल्याचा दरवळ शेवटच्या स्लाइसपर्यंत टिकतो. पोहे भिजतात पण त्यांचा लगदा होत नाही. असा दिवस उगवला की गणिताचे प्राध्यापकदेखील चमचा थांबवून ‘वा!’ म्हणतात. वाईट दिवशी मात्र हीच मिसळ म्हणजे तेलाचा तवंग आलेले कढत पाणी असते. शेव सादळलेली, बटाटा गुळचट, आणि कांदा असा की डोळ्यांतून पाणी काढील पण तोंडात रस म्हणून येणार नाही. पाटी तीच, आणि गल्ल्यावरचे गृहस्थही तेच.

या विषमतेची कारणे शोधू लागल्यावर माझा राग पुष्कळसा उतरला हे कबूल केले पाहिजे. मिरची नवी येते ती फाल्गुनाच्या सुमारास. पावसाळा उलटेपर्यंत तीच मिरची रंगाने व वासाने उतरलेली असते. चाळीत साठविलेला उन्हाळी कांदा आश्विनापर्यंत सुकत जातो. शीतगृहात फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यातील पिठूळ अंशाची साखर होते. म्हणून तो गोड लागतो आणि तळला तर लवकर काळवंडतो. पावसाळ्यात शेव सादळते, तिला आचारी काय करणार? एकाच दिवसातही फरक पडतोच. रस्सा सकाळपासून मंद आचेवर उकळत असतो, तो आटत जातो आणि मीठ-तिखट दाटत जाते. तर्री वर तरंगते, म्हणून ओगराळे तळापर्यंत न घालणाऱ्या वाढप्याच्या हातून पहिल्या गिऱ्हाइकांना तेल मिळते व नंतरच्यांना पाणी. आठ वाजता येणारा आणि साडेदहाला येणारा हे दोघे एकाच पातेल्यातून दोन निरनिराळ्या मिसळी खाऊन जातात, आणि दोघेही प्रामाणिकपणे परस्परविरुद्ध अभिप्राय लिहितात.

शास्त्रीबुवांनी एकदा यावर मोठी मार्मिक कोटी केली. त्यांची हयात पाठभेद जुळविण्यात गेलेली. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. पोथीला पोथी ताडून मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ जावयाचे, हा त्या कामाचा आत्मा. शास्त्रीबुवा म्हणाले, “आपण दर शनिवारी एक पोथी वाचतो खरे, पण हिची मूळ संहिता कोठे आहे? येथे नुसते पाठभेदच आहेत!” आम्ही हसलो, पण कोटीत तथ्य होते. मिसळ ग्रंथासारखी नसून गाण्याच्या बैठकीसारखी आहे. तोच गवई, तोच राग. आज लागला, उद्या लागला नाही. तथापि बैठकीवर लिहिणारा टीकाकार अमुक दिवशीची अमुक बैठक असे स्पष्ट सांगून लिहितो. पदार्थावर लिहिणारा मात्र एका बशीवरून साऱ्या उपाहारगृहाला प्रशस्तिपत्र किंवा शाप देऊन मोकळा होतो.

शेकडो अभिप्रायांची सरासरी काढली म्हणजे हा दोष जातो, असे कोणी म्हणेल. आमच्या गणिती मित्रांनी त्याचे उत्तर कागदी रुमालावर लिहून दाखविले. एक स्थळ नेहमी ३ गुणांचे अन्न देते. दुसरे निम्म्या वेळी ५ गुणांचे आणि निम्म्या वेळी १ गुणाचे. दोघांची सरासरी ३. पण पाहुण्यांना घेऊन जावयाचे असेल तर शहाणा माणूस पहिल्याकडे जाईल, आणि ज्याला एका उत्तम घासासाठी एक वाया गेलेली सकाळ परवडते तो दुसऱ्याकडे. गिऱ्हाइकाला जे जाणून घ्यावयाचे असते नेमके तेच सरासरी पुसून टाकते. आम्ही अकरा वर्षे दुसऱ्या प्रकारच्या स्थळी जात आहो, हे त्या रुमालावरून आम्हांस प्रथम कळले.

आपल्याकडे बाहेरच्या अन्नाची टीका इतकी कच्ची का राहिली याचे एक कारण इतिहासातही असावे. १८९० साली याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले! टिळक आणि रानडे या दोघांचीही नावे त्यात गोवली गेली. त्या साऱ्या वादात चहा कसा होता हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही. अन्न कोणी शिजविले आणि कोणाच्या पंक्तीला खाल्ले, एवढेच प्रश्न तेव्हा महत्त्वाचे होते. ते प्रश्न सुदैवाने मागे पडले, निदान शहरातील उपाहारगृहांत तरी. पण त्यांच्या जागी चवीचा प्रश्न नीट विचारण्याची सवय अद्याप आपणांस जडली नाही. असो.

वास्तविक चवीच्या विचारात आपले शास्त्रकार मागे नव्हते. भरताने नाट्यरस समजावून देताना दृष्टान्त घेतला तो जेवणाचाच: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना जसा रसास्वाद घडतो तसा नाट्याचा. मात्र तो आस्वाद घेणारा पुरुष ‘सुमनस्’ असावा अशी अट त्याने घातली आहे. अभिनवगुप्ताने तर रसास्वादाची सात विघ्ने सांगितली, आणि प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे त्यांतील एक. हा विचार मी मिसळीला लावून पाहिला, तेव्हा माझ्या अभिप्रायांची मला लाज वाटू लागली. ज्या शनिवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी वाट पाहत होता त्या शनिवारची मिसळ मला नेहमीच आळणी लागली आहे. उलट वकीलसाहेबांच्या कन्येचा विवाह ठरला त्या दिवशीची मिसळ अपूर्व होती असे आम्ही चौघेही शपथेवर सांगू. तिच्यात आचाऱ्याचा वाटा किती होता, देव जाणे. मित्रांच्या संगतीचा एक मसाला प्रत्येक बशीत पडतो आणि तो किती पडला हे कोणी मोजीत नाही. येथवर संगत ही पदार्थाच्या बाजूची साक्षीदार झाली. ती खाणाऱ्याच्या विरुद्धही साक्ष देते, हे मला गेल्या हिवाळ्यात कळले.

शास्त्रीबुवांनी दिवाळीनंतर नवी कवळी बसविली होती. एका शनिवारी दुसऱ्याच घासाला ते थांबले आणि म्हणाले, “रश्शात पाणी मागाहून पडले आहे. आणि त्याला चहाचा वास आहे.” वकीलसाहेब तत्काळ उत्तरले, “शास्त्रीबुवा, रस्सा जुनाच आहे, कवळी नवी आहे!” हशा पिकला. पुढील शनिवारी त्यांनी तेच सांगितले, त्याच्या पुढील शनिवारीही. चहाचा वास हा तर आमच्या थट्टेचा ठरीव विषय झाला. चौथ्या शनिवारी ते आले नाहीत. थंडी बाधते, असा निरोप आला. मग निरोप येणेही थांबले.

येथे मला माझी साक्ष दिली पाहिजे. त्या पहिल्या शनिवारी रस्सा मलाही बोथट लागला होता. चहाचा वास मला आला नव्हता, पण काहीतरी उतरले आहे हे जिभेने सांगितले होते. मी हसलो, कारण तिघे हसत होते. विद्यार्थ्यांना तीस वर्षे मी सांगत आलो की, दुसऱ्याच्या मतावर आपले मत बेतू नका.

पुढे दोन महिन्यांनी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला जावयाचे म्हणून मी एकटाच त्या स्थळी गेलो आणि गर्दीमुळे मुदपाकखान्याच्या दाराशी बसलो. नऊच्या सुमारास गिऱ्हाइके वाढली, तेव्हा आतील पोऱ्याने चहाच्या शेगडीवरील आधणाचे पाणी चहाच्याच ओगराळ्याने घेतले आणि रश्शाच्या पातेल्यात चार वेळा ओतले. मी विचारले तेव्हा त्याने काही लपविले नाही. जुना आचारी दिवाळीला गावी गेला तो परतला नव्हता. शनिवारीही रस्सा इतर दिवसांइतकाच करावयाचा आणि गर्दी झाली की वाढवावयाचा, असा नवा हुकूम होता. डेव्हिड ह्यूमने रुचीच्या निकषावरील आपल्या १७५७ सालच्या निबंधात ‘डॉन क्विक्झोट’मधील एक गोष्ट घेतली आहे. सांको पांझाचे दोन नातलग मद्य चाखतात. एकाला त्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. ही गोष्ट मी वर्गात कितीदा शिकविली असेल! ती माझ्याच टेबलावर घडत असता मी हसणाऱ्यांत बसलो होतो.

तेव्हा या स्थळाविषयी माझा अभिप्राय असा. ऋतूने आणलेली विषमता मी दोष मानीत नाही. मिरची उतरली की मिसळ उतरणारच, आणि बारमाही एकच चव देणाऱ्या पाकिटबंद मसाल्यापेक्षा मला ती बरी वाटते. आचारी दमला, वाढप्याने ओगराळे वरच्यावर फिरविले, हेही क्षम्य. पण पूर्ण दाम घेऊन गर्दीच्या वेळी पाणी वाढविणे ही विषमता नव्हे, लबाडी आहे. ऋतूच्या विषमतेची आम्हांस इतकी सवय झाली होती की तिच्या आडोशाला ही लबाडी दोन महिने सुखाने नांदली. गल्ल्यावरच्या गृहस्थांना मी हे तोंडावर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, सुटे पैसे परत केले आणि “बघतो” म्हणाले.

वकीलसाहेबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण मला खरोखरच काही फरक लागला नव्हता हो.” ते खरे बोलत होते. त्यांचा अपराध माझ्यापेक्षा लहान होता.

आम्ही तिघे शास्त्रीबुवांच्या घरी गेलो. मी सारी हकीकत सांगितली. त्यांनी कवळीचा उल्लेख केला नाही, आम्हीही केला नाही. “ओगराळे चहाचेच होते ना?” एवढे त्यांनी विचारून घेतले, आणि आत जाऊन चहा ठेवावयास सांगितला.

पुढील शनिवारी ते आले. चार बशा आल्या. वाफ निघत होती. शेव कुरकुरीत दिसत होती. शास्त्रीबुवांनी लिंबू पिळले, पहिला घास घेतला, मग दुसरा. गणिताचे प्राध्यापक स्लाइसचे तुकडे करीत राहिले. वकीलसाहेबांनी चमचा हातात तसाच धरून ठेवला होता आणि ते शास्त्रीबुवांच्या तोंडाकडे पाहत होते.

“आज मीठ थोडे पुढे आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “पण पाणी नाही. खा.”