मनकवड्याची कला

रस्त्यावरील गारुडी टोपलीतील मूल नाहीसे करतो, तेव्हा ते खरोखरच नाहीसे झाले असे पाहणाऱ्यांपैकी कोणी मानीत नाही. आपली नजर फसली एवढे मनाशी कबूल करून जो तो पैसा टाकतो आणि घरी जातो. परंतु रंगमंचावरील मनकवडा डोळ्यांवर पट्टी बांधून प्रेक्षकाच्या खिशातील नोटेचा क्रमांक सांगू लागला, म्हणजे चांगल्या सुशिक्षित गृहस्थांचीही बुद्धी डळमळते. ‘हातचलाखी असेल, पण काहीतरी सिद्धीही असावी,’ असे ते बोलून दाखवितात. हा संशय याच प्रयोगात का उत्पन्न होतो व कलावंताने त्याचा फायदा घ्यावा काय, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रोबेर-उदँ हा पॅरिसचा जादूगार. याच्याच नावावरून पुढे हुडिनीने आपले नाव बनविले. १८४६ साली त्याने ‘दुसरी दृष्टी’ नावाचा प्रयोग रंगमंचावर आणला. प्रेक्षकांनी बापाच्या हाती दिलेली वस्तू डोळे बांधलेला मुलगा एमिल अचूक ओळखी. प्रश्नाच्या शब्दांतच उत्तर दडलेले असावे, असा तर्क लोक करू लागले, तेव्हा बापाने प्रश्न सोडून नुसती घंटा वाजविण्यास आरंभ केला. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने यामागील मेहनत सांगितली आहे. बापलेक दुकानाच्या खिडकीवरून जाता जाता एकच दृष्टी टाकीत आणि पुढे जाऊन तीत काय काय मांडले होते ते कागदावर उतरवीत. मुलगा पुष्कळदा चाळीस वस्तू लिही, बाप जेमतेम तिसांपर्यंत पोहोचे. आम्हांस या आकड्यांत प्रयोगाहूनही अधिक चमत्कार दिसतो.

याच कलावंताचा पाय पुढच्या वर्षी घसरला, असे मात्र आमचे मत आहे. ईथरने बधिरता आणण्याचा शोध तेव्हा नुकताच गाजत होता. त्याने मुलास ईथर हुंगविल्याचा देखावा केला, एका काठीच्या आधारावर त्यास आडवे अधांतरी ठेविले, आणि ही ईथरची करामत होय असे सांगितले. लोकांनी ते इतके खरे मानिले की कित्येकांनी निर्दय बाप म्हणून त्यास निषेधाची पत्रे लिहिली.

झॅन्सिग पतिपत्नींची गोष्ट याहून बोलकी आहे. १९०६ च्या सुमारास त्यांनी लंडन दणाणून सोडले. पती प्रेक्षकांत हिंडे व पत्नी रंगमंचावरून त्याच्या हातातील वस्तू सांगे. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल व नामांकित संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांस त्यात खरेखुरे विचारसंक्रमण दिसले. पुढे १९२४ साली ज्युलियस झॅन्सिगने आपल्या सांकेतिक भाषेची हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली! सिद्धीचा दावा करणारा प्रेक्षकांस फसवितो हे तर खरेच. पण त्याआधी तो स्वतःच्या कलेचा अपमान करतो. जे उपजत लाभले त्यासाठी श्रमाचे कौतुक कोणी का करावे?

संमोहनाचा, जुन्या शब्दात मोहिनीविद्येचा, प्रश्न अधिक बिकट आहे. कारण तेथे सगळाच बनाव नसतो. १८४१ साली मँचेस्टर येथे लाफोंतेन याचे प्रयोग पाहण्यास जेम्स ब्रेड हा शल्यवैद्य साशंक मनाने गेला. समोरच्या माणसास पापण्या उघडता येत नाहीत, हे पाहून तो विचारात पडला व त्याने स्वतः प्रयोग केले. एका देहातून दुसऱ्या देहात कोणतीही गूढ शक्ती वाहत नाही, दृष्टी व चित्त एकाच ठिकाणी खिळल्याने ही अवस्था येते, असे त्याने १८४३ च्या ग्रंथात मांडले. रंगमंचाचे हे ऋण शास्त्राने मान्य केले पाहिजे.

परंतु रंगमंचावरील मोहिनीकार निवडीवर जगतो. तो आधी सर्वांस बोटे गुंफावयास सांगतो आणि ज्यांची सुटत नाहीत त्यांसच वर बोलावितो. उरलेले काम दिवे, संगीत आणि चारचौघांत खेळाचा विरस होऊ नये ही भिडस्त वृत्ती करते. दोन खुर्च्यांवर ताठ पडणारा देह तर मोहिनीवाचूनही तसा राहू शकतो. येथे रुमालाच्या जागी जिवंत माणूस साधन होतो, आणि एखाद्या प्रौढ गृहस्थाकडून कुत्र्याप्रमाणे भुंकवून घेतलेला हशा आम्हांस तरी कलेचा वाटत नाही. ब्रिटनने १९५२ साली कायदा करून अशा जाहीर प्रयोगांवर परवान्याचे बंधन घातले, ते योग्यच होय.

रहस्य फोडल्यास रस राहील काय, असे कोणी विचारील. रहस्य फोडा असे आमचे म्हणणेच नाही. नाटक आहे हे ठाऊक असूनही आपण नायिकेच्या दुःखाने रडतो. तद्वत् युक्ती खुशाल लपवावी. युक्ती आहे हे मात्र लपवू नये. कारण आज टाळी वाजवून परतलेला गृहस्थ उद्या मुलीच्या दुखण्यात वैद्यास सोडून एखाद्या मनकवड्याच्या दारी बसला, तर तेथे पडदा पडत नाही आणि तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत.