खेळाडूचा अभिप्राय : साक्ष की निवाडा?

कलाकृतीविषयी वाचकाने वा प्रेक्षकाने दिलेला अभिप्राय हा समीक्षेचा कच्चा माल होय, त्यालाच समीक्षा म्हणता येत नाही, हा भेद साहित्याच्या बाबतीत आपण गृहीत धरून चालतो. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात, विशेषतः हौशी निर्मात्यांच्या वर्तुळात, तो पुसट झालेला दिसतो. २००२ साली सुरू झालेली ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा याचे ठळक उदाहरण आहे. एकट्याने ४८ तासांत संपूर्ण खेळ रचावयाचा, आणि मग स्पर्धकांनीच एकमेकांचे खेळ खेळून त्यांवर मत द्यावयाचे, अशी तिची मूळ पद्धत. ऑगस्ट २०१३ च्या स्पर्धेचा विषय ‘दहा सेकंद’ असा, म्हणजे काळ हाच, होता. नावीन्य, रंजकता, विषयाशी संबंध, वातावरण अशा सदरांखाली प्रत्येक खेळाला तारे दिले जात. हे तारे म्हणजे वस्तुतः आकड्यांत लिहिलेली विशेषणेच होत. त्यांच्या जोडीला खेळाडू चार शब्दही लिहीत. नवख्या निर्मात्याने या दोहोंपैकी कशावर भरवसा ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कारण त्याचा पुढचा खेळ पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ (म्हणजे वेणी) हा २००८ मधील खेळ सोयीचा आहे. ब्लो हे व्यवसायाने प्रोग्रामर असल्याने त्यांना निव्वळ हौशी म्हणता येणार नाही. तथापि मोठ्या कंपनीच्या आदेशावाचून, स्वतःचा पैसा घालून, चित्रकार डेव्हिड हेलमन यांच्या साहाय्याने त्यांनी हा खेळ सिद्ध केला, आणि पुढील अनेक हौशी निर्मात्यांनी तो आदर्श मानला. बाह्यतः तो साधा प्लॅटफॉर्म गेम आहे. टिम नावाचा नायक उड्या मारीत, शत्रू चुकवीत हरवलेल्या राजकन्येचा शोध घेतो. मात्र टिम मेला तरी खेळ संपत नाही. एक कळ दाबून धरली की काळ उलटा वाहू लागतो आणि मृत्यू पुसला जातो. पुढील प्रत्येक विभागात काळाचा नियम बदलतो. एका विभागात काही वस्तूंवर या उलट्या काळाचा परिणाम होत नाही. दुसऱ्यात टिम उजवीकडे चालला तर काळ पुढे जातो व डावीकडे वळला तर मागे. तिसऱ्यात पुसलेली कृती छायेच्या रूपाने पुन्हा घडते.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधणारी एक अडचण उभी राहते. अशा खेळाचे वर्णन कोणत्या क्रियारूपात करावे? ‘मी खड्ड्यात पडलो’ म्हणावे, तर ती घटना आता त्या जगात उरलेली नाही. ‘पडलो असतो’ म्हणावे, तर ती घडलीच नाही असा अर्थ होतो; आणि ती तर घडली होती, खेळाडूने डोळ्यांनी पाहिली होती व तिच्यापासून तो शिकलाही होता. घडलेले, पुसलेले आणि तरीही स्मरणात राहिलेले, अशा घटनेसाठी मराठीत स्वतंत्र क्रियारूप नाही. म्हणून हा खेळ खेळून आलेला मनुष्य जेव्हा वर्णन करताना अडखळतो, तेव्हा ते अडखळणेच खेळाच्या यशाचे प्रमाण मानावयास हवे. ‘सुंदर’, ‘अवघड’, ‘महाग’ ही विशेषणे कोणत्याही खेळाला लावता येतात. हे अडखळणे मात्र याच खेळाचे.

‘ब्रेड’ला समीक्षकांकडून भरपूर प्रशंसा मिळाली. किंमत जास्त आहे अशी तक्रारही झाली. याच सुमारास सोल्जा बॉय या अमेरिकन रॅप-गायकाने स्वतः खेळतानाचे एक चित्रीकरण प्रसिद्ध केले. या खेळाला काही हेतूच नाही, असा त्यातील त्याच्या बोलण्याचा आशय होता. पण तो बोलत असतानाच पुनःपुन्हा उडी मारीत होता, मरत होता, काळ मागे घेत होता आणि मनमुराद हसत होता. ‘इंडी गेम : द मूव्ही’ (२०१२) या माहितीपटात या प्रसंगाची आठवण आहे, आणि प्रशंसा करणाऱ्यांनाही आपला खेळ पुरता कळला नाही ही ब्लो यांची खंतही आहे.

या खंतीविषयी सहानुभूती वाटते, तरी ती जशीच्या तशी मान्य करणे कठीण आहे. सोल्जा बॉयचा निवाडा उथळ असेल, त्याची साक्ष मात्र अचूक आहे. चूक पुसता येण्याचा निखळ आनंद हा या खेळाचा पाया आहे, आणि तो त्याने इतर कोणाहूनही स्पष्टपणे दाखविला. त्याच्या हाती न लागलेला गंभीर अर्थ ब्लो यांनी बऱ्याच अंशी प्रत्येक विभागाच्या आरंभी मांडलेल्या पुस्तकांतील गद्यात ठेवला आहे. आणि ती पुस्तके न वाचता टिमला सरळ पुढे नेता येते. जो अर्थ खेळाडूच्या कृतीत उतरलेला नाही, तो त्याला सापडला नाही म्हणून दोष त्याचा एकट्याचा कसा?

याउलट अखेरचे दृश्य पाहावे. एका सरदाराच्या तावडीतून सुटलेली राजकन्या वरच्या मार्गाने व टिम खालच्या मार्गाने धावतात, आणि परस्परांच्या वाटा मोकळ्या करीत जातात. शेवटी वाट खुंटते; काळ मागे घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तो मागे घेताच तेच दृश्य उलट क्रमाने दिसू लागते : राजकन्या टिमपासून पळत आहे, त्याच्या वाटेत अडथळे टाकीत आहे, आणि सरदार तिला वाचवीत आहे. खेळाडूची कृती तीच राहते. फक्त ‘मी तिला सोडविले’ या वाक्याच्या जागी ‘मी तिचा पाठलाग केला’ हे वाक्य येते. येथे अर्थ गद्यावर अवलंबून नाही. तो क्रियापदात आहे, आणि म्हणून येथवर पोहोचलेल्या कोणालाही तो टाळता येत नाही.

यावरून विशेषणे सर्वस्वी निरुपयोगी ठरतात असे नाही. ‘कंटाळवाणा’ हा शब्द खेळात काहीतरी बिघडले असल्याची सूचना देतो. काय बिघडले व ते कसे दुरुस्त करावे, हे तो सांगू शकत नाही. तसेच क्रियापदांची यादी करून कलाकृतीचे मूल्य ठरत नाही; ते काम समीक्षकाचे, आणि ते त्याने खेळाडूवर ढकलू नये. हौशी निर्मात्यापुरते इतकेच म्हणता येईल की ‘खेळ कसा वाटला?’ या प्रश्नाऐवजी ‘तुम्ही काय केले, आणि काय करावयास गेला होता?’ असे त्याने विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला सुखवील किंवा दुखवील. दुसऱ्याचे उत्तर त्याला आपण प्रत्यक्षात कोणता खेळ रचला हे कळवील, आणि तो मनातल्या खेळापासून किती दूर राहिला हेही.