पुराव्याआधीचा विश्वास

प्रेमकथेत अंगठी आली की आपले मन आपोआप शाकुंतलाकडे वळते. दुष्यंताची मुद्रिका हरवते आणि तिच्यासवे शकुंतलेची ओळखही हरवते. माशाच्या पोटातून ती परत येते तेव्हा राजाला आपली चूक उमगते. इंग्रज लेखिका जॉर्जेट हेअर यांनी १९३६ साली लिहिलेल्या ‘द टॅलिस्मन रिंग’ या कादंबरीतही अशीच एक अंगठी हरवली आहे. मात्र इथे तिच्याबरोबर एका तरुणाचे नाव, घर आणि वारसाहक्क असे सगळेच गेले आहे, कारण ती ज्याच्याजवळ सापडेल तोच खुनी ठरणार आहे. प्रेमाची खूण आणि गुन्ह्याचा पुरावा या दोन्ही भूमिका एकाच इवल्याशा वस्तूकडे सोपवण्याची ही युक्ती इतकी सहज आहे की ती युक्ती आहे हेही आपल्या चटकन ध्यानात येत नाही.

कथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांतली, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातली. लुडोविक लॅव्हनम हा उमराव घराण्याचा उतावळा वारस जुगाराच्या भरात घराण्याची अंगठी सर मॅथ्यू प्लंकेटकडे गहाण टाकतो आणि प्लंकेट ती परत करायला तयार होत नाही. पुढे एका रात्री रानात प्लंकेटचा गोळी लागून मृत्यू होतो आणि अंगठी नाहीशी होते. त्या रात्री लुडोविकही बंदूक घेऊन बाहेर पडलेला असतो. त्याचे म्हणणे एवढेच, की आपण गोळी झाडली ती एका घुबडावर.

या घुबडापाशी आपण जरा थांबू या. निर्दोष माणसाची सबब किती लंगडी असावी याचे हेअर यांना पक्के भान आहे. खोटे बोलणारा माणूस आपली गोष्ट नीट रचून आणतो, तिच्या फटी बुजवतो, साक्षीदार उभे करतो. खरे बोलणाऱ्याजवळ मात्र अनेकदा एक वेडगळ, हास्यास्पद वाटणारे सत्य असते आणि ते कोणी मानणार नाही हे त्यालाही ठाऊक असते. लुडोविक देश सोडून पळतो, चोरटा माल आणणाऱ्यांच्या टोळीत सामील होतो आणि जकात अधिकाऱ्यांची गोळी खांद्यात घेऊन हँडक्रॉसच्या ‘रेड लायन’ सराईत येऊन पडतो. तिथे त्याची सबब ऐकणाऱ्या माणसांसमोर प्रश्न उभा राहतो तो असा: घुबडावर विश्वास ठेवायचा की नाही? कादंबरीतले सारे प्रेम या एका प्रश्नातून उगवते.

युस्टेसी ही अर्धी फ्रेंच, अठरा वर्षांची मुलगी तो विश्वास क्षणात ठेवते, कारण तिचा पिंडच अद्भुतावर पोसलेला आहे. तिच्या मरणासन्न आजोबांनी तिचे लग्न सर ट्रिस्ट्रम शील्ड या नात्यातल्या पुरुषाशी ठरवले आहे. त्या दोघांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग मी पुन्हापुन्हा काढून वाचतो. आपण फ्रान्समध्येच राहिलो असतो तर गिलोटीनकडे जाणाऱ्या गाडीत शुभ्र वस्त्रे लेवून कसे उभे असतो याचे चित्र ती भारावून रंगवते आणि भावी पतीच्या डोळ्यांत करुणा शोधते. ट्रिस्ट्रम मात्र गंभीरपणे सांगतो की त्या गाडीत उभ्या असलेल्या कोणाचेही आपल्याला वाईट वाटेल, मग वय कितीही असो आणि वस्त्रे कशीही असोत. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात, आणि तरी हे लग्न होऊ नये हे आपल्याला त्या चार वाक्यांतच उमजते.

मग सराईत सारा थेन येते आणि कादंबरीचा सूर पालटतो. साहसाची हौस असलेली, तल्लख, पण वयाने आणि अनुभवाने शहाणी झालेली ही स्त्री युस्टेसीच्या प्रत्येक कल्पनेला अगदी गंभीर चेहऱ्याने दुजोरा देते. तिच्या नजरेत कुठेतरी हसू आहे हे त्या खोलीत फक्त ट्रिस्ट्रमला दिसते. पुढची त्यांची सारी प्रीती या दिसण्यातच आहे. एकमेकांच्या रूपाची स्तुती नाही, उसासे नाहीत. अंगठी कुठे दडवली असेल, ज्याच्यावर त्यांचा संशय आहे त्याच्या घरात शिरायचे कसे, भिंतीवरच्या जुन्या लाकडी फळ्यांमागचा गुप्त कप्पा हुडकायचा कसा, अशा खलबतांतून दोन प्रौढ मने एकमेकांच्या बुद्धीची चव घेत जवळ येतात. शोधाचे काम नसते तर ट्रिस्ट्रमसारखा मितभाषी पुरुष साराशी दहा वाक्येही बोलला नसता असे मला वाटते. रहस्यकथा इथे प्रेमकथेला बोलायला विषय पुरवते.

साराचा भाऊ सर ह्यू याच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. हा गृहस्थ स्वतः मॅजिस्ट्रेट. सर्दीने बेजार होऊन सराईत मुक्काम करतो आणि तिथली चोरट्या वाटेने आलेली ब्रँडी त्याला इतकी आवडते की तो हलायचे नावच काढत नाही. खुनाचा आरोप असलेला फरारी ज्या छपराखाली लपला आहे, त्याच छपराखाली कायद्याचा हा प्रतिनिधी पेल्यातल्या उत्तम ब्रँडीचे मर्म जाणत सुखाने बसलेला असतो!

हेअर या काळात रहस्यकथाही लिहीत होत्या आणि त्यांची कथानके बरेचदा त्यांचे पती रोनाल्ड रूजिए पुरवत. ‘बिहोल्ड, हिअर्ज पॉयझन’ ही त्यांची रहस्यकथा ‘टॅलिस्मन रिंग’च्याच वर्षी आली. त्या शुद्ध रहस्यकथांपेक्षा ही मिश्र कादंबरी मला सरस वाटते. गुन्हेगार कोण हे आपण बरेच लवकर ताडतो. उत्कंठा उरते ती सिद्ध कसे करायचे याची. ज्यांनी विश्वास आधीच ठेवला आहे त्यांनी आता पुरावा शोधायचा, या उलट्या क्रमामुळे शोधाचे प्रत्येक पाऊल प्रेमाचेही पाऊल होते.

अंगठी कुठे सापडते ते मी सांगणार नाही. एवढेच सुचवतो, की आपण कादंबरी हाती घ्याल तेव्हा पोशाखाची आणि नटव्या नीटनेटकेपणाची वर्णने घाईने ओलांडू नका. आणि शेवट कळल्यावर पहिली प्रकरणे पुन्हा वाचा. ही कादंबरी दुसऱ्या वाचनात अधिक आनंद देते.