चुकलेल्या पावलाचा हिशेब : ताल-खेळांची यंत्रे आणि जोतिबाची हलगी

१

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जो एकदा उभा राहिला, त्याला ताल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तीस फुटांहून उंच सासनकाठी, तिचा भार पेलणारा माणूस, चहूबाजूंनी दोर ताणून धरणारे गडी आणि त्यांच्यापुढे हलगी, घुमके, कैताळ, सनई. पायाखाली गुलालाचा थर, वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण. काठी नाचते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात नाचतात ती माणसे, आणि त्यांना नाचवते ती हलगी.

या डोंगरावर वाढलेला मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पुण्यातल्या एका मॉलमध्ये, पायाखाली चार बाण असलेल्या एका चमकत्या यंत्रावर चढलो. निमित्त माझ्या भाचीचे होते. गाणे सुरू झाले. पडद्यावर खालून बाण वर येऊ लागले. वरच्या ठरावीक रेषेला बाण टेकला की त्याच क्षणी पायाखालचा तसाच बाण दाबायचा, एवढाच नियम. अर्ध्या मिनिटात माझी वरची पट्टी रिकामी झाली आणि गाणे मधेच तुटले. मागे साधारण दहा वर्षांचा एक मुलगा आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. तो हसला नाही, याचेच मला बरे वाटले.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी त्या यंत्रावर आठ-नऊ वेळा गेलो. सुरुवातीला निव्वळ जिद्दीने, नंतर अभ्यास म्हणून. ताल-खेळ या प्रकाराकडे समीक्षेच्या नजरेने पाहता येते का, आणि पाहिले तर आपल्या डोंगरावरच्या तालाबद्दल तो काही नवे सांगतो का, या दोन प्रश्नांचा विचार मी येथे केला आहे.

२

या खेळांची वंशावळ आधी पाहू, कारण पुढचा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. १९९६ साली जपानमध्ये ‘पराप्पा द रॅपर’ हा घरगुती यंत्रावरचा खेळ आला. तो घडवणारे मासाया मात्सुउरा मुळात संगीतकार. खेळाचा सांगाडा आपल्याला ओळखीचा वाटावा असा : गुरू एक ओळ म्हणतो, शिष्याने ती तालात परत म्हणायची. पण त्यात एक खुबी होती. गुरूने म्हटले तेच बिनचूक म्हटले, तर खेळाडू ‘चांगला’ ठरे. सर्वांत वरची पायरी गाठायला मात्र त्याला गुरूची ओळ सोडून, तालात राहून, स्वतःचे काहीतरी घालावे लागे. म्हणजे या परंपरेच्या उगमाशीच उपजेला जागा होती.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, कोनामी कंपनीचे ‘बीटमॅनिया’ हे यंत्र गेमिंगच्या दुकानांत आले : पाच कळा आणि एक फिरती तबकडी. १९९८ मध्ये त्याच कंपनीचे ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ आले. हाताऐवजी पाय, कळांऐवजी चार बाण. १९९९ मध्ये कोरियातून पाच बाणांचे ‘पंप इट अप’ आणि २००१ मध्ये नामको कंपनीचे ‘तैको नो तात्सुजिन’, म्हणजे जपानी ढोल. या ढोलात मधला भाग आणि काठ असे दोनच मुख्य आघात आहेत. त्यांना ‘दोन्’ आणि ‘का’ असे बोल आहेत. आपल्या तबल्याला जसे बोल, तसेच. वाद्य हाती येण्याआधी ते तोंडात यायला हवे, ही समजूत तिकडेही आहे.

१९९७ आणि १९९८ या दोन यंत्रांमधला फरक कोणाला तांत्रिक वाटेल, मला तो मुळाचा वाटतो. बीटमॅनियात कळ दाबली की त्या कळीचा आवाज उमटतो. तुम्ही दाबलीच नाही तर गाण्यात तेवढे भोक पडते, भलत्याच वेळी दाबली तर गाणे ऐकणाऱ्याच्या कानाला टोचते. पायाच्या यंत्रात तसे नाही. तुम्ही बरोबर पाय टाका, चुकीचा टाका किंवा नुसते उभे राहा, पट्टी रिकामी होईपर्यंत गाणे आपल्या वाटेने जात राहते. पहिल्या यंत्रात तुम्ही वादक आहात आणि दुसऱ्यात नर्तक. पहिल्यात ताल तुमच्यावर अवलंबून आहे, दुसऱ्यात तुम्ही तालावर.

३

नवशिका नेमका कोठे चुकतो, हे मी माझ्याच पायांवरून सांगतो.

पहिली चूक : प्रत्येक बाण दाबून झाला की मी पाय पुन्हा मधल्या मोकळ्या चौकोनात आणत होतो. भाची मागून ओरडत होती, “मामा, मधी येऊ नका. पाय तिथंच ठेवा, दुसरा उचला.” घराबाहेर पडलेला माणूस दर चार पावलांनी घरी परतावा, तसे माझे चालले होते. एका बाणासाठी दोन हालचाली, मग वेग वाढला की दम तुटणारच. पाय जिथे पडला तिथेच भार देऊन पुढचे पाऊल तिथूनच टाकायचे, हे कळायला मला तीन फेऱ्या लागल्या.

दुसरी चूक अधिक मजेची. बाण फार भराभर येतात असे वाटून मी ते पडद्यावर हळू सरकतील अशी सोय निवडली. तर गोंधळ वाढला. तोच दहा वर्षांचा मुलगा, की त्याच्यासारखा दुसरा कोणी, म्हणाला, “काका, स्पीड वाढवा. सोपं जातं.” मला ती थट्टा वाटली. पण ते खरे होते. बाण हळू सरकले म्हणून गाण्याची लय बदलत नाही. फक्त पडद्यावर बाण एकमेकांना चिकटून दाटी होते आणि कोणता आधी, कोणता नंतर हे वाचता येत नाही. वेग वाढवला की दोन बाणांतले अंतर वाढते आणि मजकूर सुटा होतो. विलंबित लय नवशिक्याला सोपी वाटते आणि तीच त्याला दगा देते, हे संगीत शिकणाऱ्यांना ठाऊक असते. दोन मात्रांमधली मोकळी जागा धरून ठेवणे हेच अवघड.

तिसरी चूक : मी डोळ्यांनी खेळत होतो. बाण रेषेला टेकला हे दिसल्यावर पाय टाकायचा म्हटले की उशीर झालेलाच असतो, कारण सेकंदाच्या शंभराव्या भागांत हिशेब चाललेला असतो. पाचव्या-सहाव्या खेपेला कधीतरी कान पुढे आले आणि डोळे मागे गेले. पुढचा आघात कधी येणार हे कान सांगू लागला, कोठे येणार एवढेच डोळा सांगू लागला. त्या दिवशी पहिल्यांदा एक गाणे शेवटपर्यंत गेले. दीड मिनिटाचे गाणे, सर्वांत सोपी पातळी. घामाने सदरा भिजला होता आणि मी मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून होतो. दांडी धरणे हा काही खेळाडूंमध्ये कमीपणा समजला जातो असे नंतर कळले. मला ती सासनकाठीच्या दोरासारखी वाटली. आधार घेऊन नाचणे हे आमच्याकडे नाचणेच असते.

४

या यंत्रांवर नेहमीचा आक्षेप असा की ती तालाचा जीव घेतात. ती प्रत्येक पावलाला ‘परफेक्ट’, ‘ग्रेट’, ‘गुड’, ‘मिस’ असा शिक्का मारतात, आणि नृत्य म्हणजे जणू बिनचूक हजेरी, अशी समजूत करून देतात. आक्षेपात तथ्य आहे. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात हलगीवाला पैलवानांकडे बघून वाजवतो. कुस्ती रंगली की हात चढतो, जोड नुसतीच एकमेकांना चाचपत असेल तर हात उतरतो. काठी नाचवणारा दमलेला दिसला की ठेका सैल पडतो. यंत्राला हे दिसत नाही. ते तुमचे पाऊल मोजते, तुम्हाला पाहत नाही. पराप्पात उपजेला जी जागा होती, ती या यंत्रांच्या गुणांच्या हिशेबात उरली नाही. बाणांचा आराखडा कोणीतरी आधी लिहून ठेवलेला, तुम्ही तो फक्त बजावायचा. पडद्याकडे पाठ करून, गिरक्या घेत खेळणाऱ्या कलंदरांची एक परंपरा या खेळात तयार झाली खरी, पण ती खेळाडूंनी आणली. यंत्र त्या गिरकीचा एकही गुण देत नाही.

काही वर्षांपूर्वी मीही एवढ्यावरच थांबलो असतो. आता थांबता येत नाही, कारण मला माझ्या घरातली एक गोष्ट आठवते.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. यात्रेच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीत उतरलेल्या एका काठीबरोबर हलगीवाले आले होते. गवताच्या जाळावर हलगी शेकून चामडे ताणत होते. शेकलेली हलगी त्यातल्या एकाने बाजूला ठेवली. मी ती उचलली आणि एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी धरून तो वाजवत होता तसे वाजवायला लागलो. तो माणूस हसून बघत होता. घरातल्या मोठ्यांनी मात्र माझ्या हातातून हलगी काढून घेतली आणि मला ओढत आत नेले. “ते आपलं काम न्हवं,” एवढेच वाक्य. मारले नाही, रागावलेही फारसे नाहीत. हात मात्र धुवायला लावले.

हलगी वाजवणे हे गावगाड्यात ठरावीक जातींच्या वाट्याला आलेले काम होते. मान काठीचा, पालखीचा, मानकऱ्याचा. हलगीवाल्याला धान्य, खोबरे, चार पैसे. डॉ. आंबेडकरांनी गावकीची अपमानकारक कामे सोडा असे सांगितले, तेव्हा अनेकांनी वाद्येही खाली ठेवली, ती उगीच नव्हे. आजच्या पिढीत हलगी मोर्चात आणि महाविद्यालयांच्या युवा महोत्सवांत मानाने वाजते, हा बदल त्या नकारातून गेल्यावरच आला आहे.

आता मघाचा फरक पुन्हा पाहा. बीटमॅनियाचा खेळाडू थांबला की संगीत तुटते, पायाच्या यंत्रावरचा थांबला तर तुटत नाही. जोतिबावरही हेच. काठीखालचा एक गडी थकून बाजूला झाला, तर दुसरा खांदा देतो आणि नाच चालू राहतो. हलगी थांबली की सारे थांबते. ज्याच्यावर ताल अवलंबून, त्याला आम्ही सर्वांत खाली ठेवले. गेमिंगच्या दुकानांत अवघड पातळी वाजवणाऱ्या खेळाडूच्या मागे मुले उभी राहून नुसते बघत असतात. आम्ही हलगीवाल्याच्या मागे असे कधी उभे राहिलो नाही. त्याच्या पुढे नाचलो.

मॉलमधल्या त्या यंत्राने मला माझे नाव-गाव विचारले नाही. चूक केली तेव्हा ‘मिस’ म्हटले, आणि तेवढेच म्हटले. बारा बाण चुकलेला मी आणि बारा बाण चुकलेला तो मुलगा, दोघांच्या नावावर सारखेच गुण. यंत्राच्या ज्या निर्विकारपणाला मी दोष देत होतो, तोच नवशिक्याचा पहिला हक्क आहे. चुकण्यासाठी आधी वाद्याला हात लावायची परवानगी लागते.

अर्थात यंत्रही फुकट नाही. दर फेरीला पैसे पडतात. मॉलच्या दारातला पहारेकरी कोणाच्या पायातल्या चपलांकडे कसा बघतो, हे मी पाहिले आहे. जन्माची अट गेली तिथे खिशाची अट येऊन बसली. आमच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांतली किती मुले त्या बाणांवर पाय ठेवतील, हा प्रश्न उरतोच.

५

ताल-खेळाची समीक्षा करताना गाणी कशी, दिवे किती, पातळ्या किती, यांपेक्षा तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. ताल कोणावर अवलंबून आहे? चूक झाल्यावर खेळ काय करतो? आणि शिकलेल्याला स्वतःचे काही घालायला जागा आहे का? या कसोटीवर ‘पराप्पा’ तिसऱ्या प्रश्नात वरचा, ‘बीटमॅनिया’ पहिल्यात, आणि पायाचे यंत्र दुसऱ्यात : चुकीची कबुली इतक्या लगेच, इतक्या उघड आणि इतक्या निर्वैरपणे मागणारा शिक्षक मला दुसरा भेटला नाही.

हेच तीन प्रश्न जोतिबाला विचारले तर? तिसऱ्यात आमची हलगी या सगळ्या यंत्रांच्या पुढे आहे. दुसऱ्यात ती मायाळू आहे, कारण गर्दीत चुकलेले पाऊल कोणी मोजत नाही. गुलालात सारे पाय एकाच रंगाचे. पण ही माया नाचणाऱ्यांसाठी आहे, वाजवू पाहणाऱ्या परक्या मुलासाठी नव्हती. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून तोंडाने देत नाही. यात्रेच्या बातम्यांत मानाच्या काठ्यांची गावे क्रमाने छापून येतात. पहिला मान पाडळीच्या काठीचा, हे पोरालाही पाठ असते. त्या काठीपुढे हलगी कोणी वाजवली, त्याचे नाव मी कधी छापलेले वाचले नाही.

उद्या कोणी तरुण हलगीचे असे यंत्र केले तर मला आनंद होईल. त्याच्याकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. पडद्यावर बाणांऐवजी नाचणारा माणूस असावा, आणि त्याचे पाय बघून हात चढवायचा की उतरवायचा हे खेळाडूला ठरवावे लागावे. आणि ज्याच्या हातावरून ते बोल उतरवून घेतले, त्याचे नाव पहिल्या पडद्यावर असावे.

गेल्या यात्रेनंतर मी आमच्याकडच्या एका हलगीवाल्या तरुणाकडे शिकायला जातो. लहानपणी मला हसून बघणारा माणूस त्याचा कोणी लागत होता का, हे मला विचारवले नाही. माझा डावा हात अजून काडी नीट धरत नाही. चुकलो की तो ‘मिस’ म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. आपली हलगी उचलतो आणि तेवढाच तुकडा पुन्हा, जरा हळू वाजवतो. हळू वाजवला की मला तो अधिकच अवघड जातो. हे त्याला कसे सांगावे, ते अजून सुचलेले नाही.